बारवेतलं जनावर

"मावशी, हात लावू नको. धुऊ नको, पुसू नको, पाणी शिंपडू नको. हळदकुंकू तर अजिबात नको. दगड आपला आपण वाळू दे."

शिवकन्येचं हे बोलणं त्या उन्हाळ्यात माझ्या कानात इतकं बसलं होतं, की पूजेला बसून इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटले तरी मंत्राच्या मधे तेच यायचं. वाळू दे. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा उन्हाळा. लातूरचं नाव पेपरात आलं, आमचं आलं नाही, एवढाच काय तो फरक. केजच्या अलीकडची आमची सगळी गावं पावसासाठी देव पाण्यात घालून बसली होती, ज्यांच्याकडे घालण्यापुरतं पाणी होतं त्यांनी. आणि माझी भाची मला सांगून गेली होती, वाळू दे.

शिवकन्या माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. औरंगाबादला विद्यापीठात प्राणिशास्त्रात संशोधन करते. विषय काय, तर स्पंज. मी म्हटलं, "भांडी घासायचा?" तिनं कपाळाला हात लावला. मग सांगितलं, खरा स्पंज हा जीव असतो. बहुतेक समुद्रात राहतात, थोडे गोड्या पाण्यातही असतात. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही, नस नाही. पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्यासारखं गाळून ठेवायचं, पाणी सोडून द्यायचं, बास. माणूस, म्हैस, मुंगी, मासा यांची जी काही वंशवेल आहे, तिच्यातून अगदी सुरुवातीला जी फांदी फुटली ती याची, असं पुष्कळ जाणत्यांचं म्हणणं. कोट्यवधी वर्षांपूर्वी सुट्या सुट्या पेशी एकत्र राहून एक अंग व्हायला कशा शिकल्या असतील, ते याच्याकडे बघून थोडंफार कळतं.

"त्यासाठी समुद्रावर जायचं सोडून आमच्या गावात?"

"तुमच्या बारवेत आहे ना. लहानपणी सुटीत आले होते तेव्हा हात लावला होता मी. आठवडाभर खाजवत होते, विसरलीस?"

मी विसरले नव्हते. खोबरेल तेल मीच चोळलं होतं.

तर आमची बारव. महादेवाच्या देवळामागे आहे, दगडी, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या. खालच्या टप्प्यावर भिंतीत एक देवळी आहे, दिवा ठेवायच्या कोनाड्यासारखी, पण आतला देव कधीच गेलेला. त्या देवळीच्या तळाच्या चिऱ्यावर हिरवट-करडं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलेलं असायचं. वास असा की नाकाला पदर लावावा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याला शेवाळ म्हणत आलो. तेच शिवकन्येचं स्पंज.

होळीच्या सुमारास ती आली तेव्हा देवळीत पाणी होतं. तिनं त्यातला कणभर तुकडा आणला आणि माझ्या ओट्यावर, विभूतीच्या डब्याशेजारी, वाटीत ठेवला. मी डबा उचलून वर ठेवला. तिनं डेअरीतून दूध गाळायचं नवं कोरं फडकं मागून आणलं, त्यात तो तुकडा बांधला आणि वाटीतल्या पाण्यात पिळला. पाणी गढूळ झालं.

"अगं, जीव आहे म्हणतेस ना? मग पिळतेस काय?"

"मेला नाही. सुटा झालाय. संध्याकाळी बघ."

नेमके त्याच वेळी आमच्या भावकीतले कल्याणराव आले. गावच्या दूध उत्पादक संस्थेचे चेअरमन. पंधरा मिनिटं बसतो म्हणतात आणि चहा दोनदा होतो. संध्याकाळी पुन्हा आले, कारण त्यांनाही उत्सुकता. वाटीच्या तळाशी गढूळपणा नव्हता. बारीक बारीक गोळ्या जमल्या होत्या. शिवकन्येनं भिंग धरलं. सुटे झालेले कण एकमेकांना धुंडाळत जाऊन पुन्हा चिकटत होते.

"ह्यांचा चेअरमन कोण?" कल्याणरावांनी विचारलं.

"कोणीच नाही काका."

"सचिव?"

"नाही."

"मग सभा कोण बोलावतं?"

"सभाच नसते."

कल्याणराव बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग भिंग परत देत म्हणाले, "अवसायनात निघंल ही संस्था, टाळं लागंल. लिहून ठेव." आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसले की ठसका लागला.

शिवकन्येनं एक मोठा तुकडा बरणीत घालून औरंगाबादला नेला. एसटीत, भर उन्हात. नेकनूरच्या पुढे बरणीतून असा वास सुटला म्हणे की कंडक्टरनं विचारलं, "ताई, डब्यात काय मेलंय?" खरंच मेलं होतं. दुसरीकडून आणावं, तर मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, तळी भेगाळलेली. जिथं जिथं तिनं हा जीव आधी पाहिला होता, तिथं सगळीकडे कोरड. उरली आमची बारव, आणि तिचं पाणीही रोज एकेक बोट खाली चाललेलं.

ती पुन्हा आली, आणि रडायच्या बेतात असलेली ती मुलगी देवळीत डोकावून एकदम हसली. पाणी हटू लागलं की हा जीव स्वतः मरतो, पण मरण्याआधी अंगात दाणे करून ठेवतो. राजगिऱ्याएवढे. पिवळे असेपर्यंत कच्चे, तपकिरी झाले की पक्के. पक्का दाणा कोरडा पडून राहिला तरी मरत नाही, पाणी मिळालं की उगवतो. कागदाच्या पुडीत घालून नेता येतो, एसटीतही.

"म्हणजे माझं तीन वर्षांचं काम आता या एका दगडावर आहे, मावशी. कच्चे खरवडले तर उगवणार नाहीत. एकदम भिजले, एकदम तापले तर सडतील. हळूहळू वाळू दे. पुढच्या महिन्यात परीक्षा उरकून येते."

मी बरं म्हटलं. यात अवघड काय? दगड आहे, वाळणार आहे. कोणाला काही करायचं नाहीये. पण काही न करणं आमच्या गावाला जमत नाही, हे मी कसं विसरले कोण जाणे.

निघायच्या सकाळी शिवकन्या शेवटचं बघायला बारवेत उतरली. मीही होते, वरच्या पायरीवर, पूजेच्या पाण्याचा तांब्या घेऊन. पूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. आमच्या शेजारच्या छबुबाई घागर घेऊन खाली उतरल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, जिभेनं त्याहून मोठ्या.

"काय बघायलीस गं पोरी, त्या घाणीत?"

"आजी, घाण नाही ही. शेवाळ पण नाही. हा प्राणी आहे."

"म्हंजी? जनावर?"

"हो, जनावरच."

पोरगी शहरात वाढलेली. तिला काय ठाऊक की आमच्याकडे विहिरीत, बारवेत, दिवेलागणीला 'जनावर' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. ज्याचं नाव घ्यायचं नसतं, जे लांब असतं, आणि ज्याला पाय नसतात.

छबुबाईंची घागर हातातच राहिली. "लई जुनं हाय का?"

"खूप जुनं! सगळ्यात जुनं."

"आन्‌ हितंच ऱ्हातं?"

"इथंच. जागा सोडत नाही."

मी वर उभी राहून जिवाच्या आकांतानं हात हलवला. नाही, नाही, तसं नाही. छबुबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोलणाऱ्या पंजाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. माझ्या हाताचा त्यांनी फणा केला होता.

मी घरी पळाले, पूजा केली. घाईघाईत करायची नाही म्हणून घाई केली नाही, आणि त्या दिवसाइतकं लांब नामस्मरण मला कधी वाटलं नव्हतं. उठून बाहेर आले तोवर शिवकन्येची जीप गेली होती आणि गावात बातमी झाली होती. बारवेच्या देवळीत जनावर आहे. सगळ्यात जुनं. जागा सोडत नाही. विद्यापीठातनं बघायला माणसं येतात. महानंदाबाईंनी, म्हणजे मी, फणा बघितला.

"अहो छबुबाई, तसलं जनावर नाही ते," मी म्हणाले.

"मग कसलं?"

"डोकं नाही त्याला. तोंड नाही."

"बिनतोंडाचं!" त्यांनी गालावर चापट्या मारून घेतल्या. "ऐकलं का गं, बिनतोंडाचं हाय म्हनं!"

माझा आवाज मुळात लहान. आई म्हणायची, ही पोरगी बोलते की पुटपुटते. चारजणींत मी बोलू लागले की पहिलं वाक्य संपेपर्यंत चौघी दुसऱ्या विषयावर गेलेल्या असतात. मी सगळं सांगितलं, पेशींसकट. छबुबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सोमवारी दुधाची लोटी घेऊन बारवेत उतरल्या.

दूध! अर्ध्या गावाची गुरं चारा छावणीत बांधलेली. उरलेल्या म्हशी कडब्याच्या काडीला महाग. डेअरीत कॅनच्या तळाशी दूध दिसायचं, आणि इथं ते देवळीतल्या दगडावर सोडलं जात होतं. छबुबाईंच्या मागे आणखी दोघीतिघी. मी खाली धावले तोवर चिरा पांढरा झाला होता आणि मुंग्यांची रांग लागली होती.

पुसू नको, धुऊ नको. मग करू काय? घरून सूप आणलं आणि दगडाला वारा घालत बसले. ऐन उन्हाळ्यात, स्वतःला घालायचा तो वारा मी बारवेतल्या दगडाला घालत होते. आमचे हे, दुकान बंद करून जेवायला आले तेव्हा मी घरात नव्हते. मला शोधत बारवेवर आले आणि वरच्या पायरीवरून बघत राहिले. माणूस बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग मला एक युक्ती सुचली. देवळीसमोर बसूनच सकाळची पूजा करायची. मी बसले असताना कोणी मधे येणार नाही, दूध ओतणार नाही. तीन दिवस चांगले गेले. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर मागे पायऱ्यांवर बायका बसलेल्या, हात जोडून. महानंदाबाई बोलत नाहीत, डोळे मिटून जनावराला धरून बसतात, अशी वार्ता शेजारच्या वस्तीपर्यंत गेली होती. एकीनं नारळ आणला होता. एकीनं हळदीकुंकवाची पुडी. मी ती पुडी अक्षरशः हातातून हिसकावली. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या हातून काही हिसकावलेलं नाही.

अशात संस्थेची सभा लागली. टँकर सुरू होणार होते. टँकरचं पाणी बारवेत रिकामं करायचं, तिथून मोटरनं गावाला आणि डेअरीला, असं ठरलं. पाणी ओतायचं तर बारव आधी साफ व्हायला हवी. हे रास्तच होतं. गाळ काढायचा, तारेच्या ब्रशनं दगड घासायचे, चुना मारायचा. काम बंकटकडे. डेअरीत कॅन धुणारा हा माणूस अंगानं आडवा, मनानं भित्रा. त्यानं अंदाज घ्यायला म्हणून आदल्या दिवशी देवळीत हात घातला होता, आणि आता कोपरापर्यंत लाल पुरळ दाखवत सभेत उभा होता.

"फुंकर मारली बघा जनावरानं. म्या सरळ सांगतो, आधी देवळीत पाचट पेटवून धूर करा. मगच म्या हात लावीन."

"पेटवायचं?" छबुबाई उठल्या. त्याही सभासद होत्या. "मुडद्या, सोमवार तरी बघ! त्येला दूध पाजायलाव आमी, आन्‌ तू जाळायलास?"

"तुमी दूध पाजा, खाज मला सुटू द्या!"

मी उठले. "ती खाज फुंकरीची नाही. त्या जिवाच्या अंगात काचेसारख्या बारीक सुया असतात, त्या टोचतात."

"मोठ्यानं, वहिनी!" कल्याणराव म्हणाले.

"सुया असतात."

"काय असतात?"

"सुया!"

"सुया कावून बरं मधीच?" मागून कोणीतरी.

मी कल्याणरावांकडे वळले. "भाऊजी, तुम्ही भिंगातून पाहिलंय. तेच आहे ते. तुम्हीच सांगा."

कल्याणरावांनी घसा साफ केला. समोर अर्धे धूरवाले, अर्धे दूधवाले. दोन्हीकडचे त्यांचे मतदार. "आता कसं हाय वहिनी," ते म्हणाले, "म्या बघितलं ते वाटीतलं. बारवेतलं म्या बघितलेलं न्हाई."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं, पण मी आवाज खाली ठेवला. "मला थोडे दिवस द्या. ते आता मेलंच आहे. मरताना मागे दाणे ठेवून जातं, तेवढे पिकले की पोरगी येऊन घेऊन जाईल."

सभा एकदम गप्प झाली. मला वाटलं, पोचलं एकदाचं.

"अंडी," बंकट म्हणाला.

"अगंबाई! अंडी घातली व्हय!"

पुढचा गोंधळ मी सांगत नाही. एवढंच सांगते, की त्या एका शब्दावर धूरवाले आणि दूधवाले एक झाले. म्हाताऱ्या जनावराला दूध ठीक, पण पिल्लांचं पाणी कोण पिणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच काम उरकायचं ठरलं. मला राहून राहून ती वाटी आठवत होती. तोंड नसलेले, डोकं नसलेले ते कण कसे गुपचूप एकमेकांजवळ सरकत होते.

घरी येऊन फोन लावला. शिवकन्येला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "दाण्यांचा रंग कसा आहे?"

"वरचे तपकिरी. खालच्या बाजूचे अजून पिवळे."

"खालचेच जास्त आहेत मावशी. उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. परवा पहाटे निघते. तोवर..." तिनं नाक ओढलं. "राहू दे. तू तरी काय करणार."

त्या 'राहू दे'नं मला झोप लागली नाही.

सकाळी पूजा उरकून गेले तर बंकट ब्रश, पाचट, चुन्याची घमेली घेऊन हजर. कल्याणराव वरच्या पायरीवर छत्री धरून. छबुबाई आणि बायका एका बाजूला.

"बंकट, देवळीतला तो चिरा सुटा आहे ना? पहारीनं उचकटून दे मला. मी घरी नेते. मग घास, चुना मार, काय करायचं ते कर."

बंकटला हे पटलं. हात लावायचा नव्हता, पहार लावायची होती. पण छबुबाई आडव्या आल्या.

"बारवेचा चिरा घरी न्हेत न्हाईत. बसतं घर उठतं त्येनं."

"छबुबाई, दगड आहे तो."

"दगड असंल तुझ्या भाचीला. आमच्या सासूनं सांगितलंय. न्यायचाच असंल तर परत बसवायचा सबद द्यावा लागतो. बारवेत उतरून. मोठ्यानं. पाण्याला ऐकू जाईल असा."

"देते." मी खाली उतरले. पाणी तळाशी, थाळीएवढं उरलेलं. मी हात जोडले. "बारवेत पाणी आलं की चिरा जागेवर बसवीन."

"न्हाई ऐकू आलं," छबुबाई वरून.

"बारवेत पाणी आलं की चिरा जागेवर बसवीन."

"मला न्हाई आलं, पान्याला काय येतंय?"

"वहिनी, जरा पोटातनं," कल्याणराव छत्रीखालून म्हणाले. "सभेत पण हेच होतं तुमचं."

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात सांगून सांगून दमलेलं सगळं एकदम वर आलं. "पाणी आलं की चिरा जागेवर बसवीन!" मी ओरडले. बारव गोल नसली तरी घुमते. देवळाच्या शिखरावरची पारवी उडाली. आणि तोंड उघडलंच होतं तर मला थांबता आलं नाही. "आणि साप नाही तो! साप नाही! अंडी नाहीत! कोणाला चावत नाही, कोणाला पावत नाही! एक गरीब जीव आहे, त्याला पोट नाही, डोकं नाही, आणि तरी त्याला कळतं की दुष्काळ आला तर दाणा राखून ठेवावा! तुम्हाला दूध राखून ठेवायचं कळत नाही! आणि भाऊजी, तुम्ही वाटीत बघितलंय! बघितलंय तुम्ही!"

बघितलंय तुम्ही, बघितलंय तुम्ही, असं बारव दोनदा म्हणाली.

कल्याणरावांनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली.

"नाव कावून घेतलं माय, बारवेत," छबुबाई हलकेच म्हणाल्या. पण त्या बाजूला झाल्या. "घे रं बंकट, पहार लाव. सबद दिलाय बाईनं."

चिरा पाट्याएवढा निघाला. बंकटनं गोणपाटात धरून तो माझ्या घरी पोचवला आणि दारातच ठेवला, आत यायला तयार नव्हता. मी ओसरीच्या सावलीत, भिंतीला टेकवून, वर फडकं टाकून ठेवला. यांना जाता-येता त्याची ठेच लागायची. दुसऱ्या दिवशी शिवकन्या आली, फडकं उचललं, आणि गुडघ्यावर बसून राहिली. पिवळे दाणे तपकिरी व्हायला आणखी आठवडा लागला. ती ओसरीवर त्या दगडाशेजारी झोपायची. पक्के झालेले तिनं पुडीत भरले, पण चिऱ्याच्या खाचेत बसलेल्यांना हात लावला नाही.

"हे राहू दे. बारवेला चुना मारलाय, आता तिथं एकही दाणा नाही. बारवेचं जे काही उरलंय ते एवढंच."

आषाढात फोन आला. "मावशी, उगवले! काचेला चिकटले, पाणी ओढायला लागले!" ती रडत होती की हसत होती, ओळखू येईना. मी डेअरीत जाऊन कल्याणरावांना सांगितलं. "चेअरमन निवडला का?" एवढंच त्यांनी विचारलं, पण या वेळी हसले नाहीत. छबुबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हनलं न्हवतं, जागतं जनावर हाय." त्यांच्यापुढे मी हात टेकले.

भाद्रपदाच्या अखेरीला पाऊस असा आला की उन्हाळाभर मागितलेलं सगळं एका आठवड्यात ओतलं. बारव भरली. इतकी भरली की देवळी पाण्याखाली गेली. आता चिरा बसवायचा कसा?

"उन्हाळ्यात बसवू की काकू," बंकट म्हणाला. "पानी उतरल्यावर. पळून चाललाय का दगड?"

"इषय सभेपुढं ठिवतो," कल्याणराव म्हणाले.

यांनी तर सांगून टाकलं, "एवढी वर्षं ठेच खाल्ली, आणखी सहा महिने खाईन." चारच महिने झाले होते.

छबुबाई काही म्हणत नव्हत्या. फक्त रोज अंगणावरून जाताना ओसरीकडे बघायच्या आणि विचारायच्या, "पानी आलं का गं बारवेत?" जणू गावात राहतच नव्हत्या.

पाणी उतरल्यावर, असं मी म्हटलं नव्हतं. पाणी आलं की, असं म्हटलं होतं. आणि ते मोठ्यानं म्हटलं होतं.

पुढच्या अमावस्येच्या आधीच्या सोमवारी पूजा उरकली. हे दुकानात गेले होते. जुन्या लुगड्याची चुंबळ वळली, पदर खोचला, चिरा पाण्यात सोडायला विहिरीवरचा दोर कमरेला गुंडाळला. चिरा उचलताना खाचेतले दाणे सुटू नयेत म्हणून त्यावर ओलं फडकं घट्ट बांधलं. डोक्यावर घेतला तेव्हा मानेत कळ गेली, पण पेलला. मागच्या दारानं बाहेर पडले. गल्लीत कोणी नव्हतं. छबुबाईंच्या अंगणात छबुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप खाली ठेवलं, आणि पदर खोचून माझ्या मागून चालू लागल्या.